नखाखालची कळ: ग्लोमस ट्यूमर ओळखावा कसा आणि पुढं करावं काय

कापूस वेचून बोटं दुखतात हे यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या बाईला कुणी सांगायला नको. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडा फाटतात, रात्री जेवायला बसलं की भाजीचं तिखट दहाही बोटांना झोंबतं. ही दुखणी वेचणीच्या हंगामाबरोबर येतात, दोन दिवस हात कोरडे ठेवले, खोबरेल तेल चोळलं की ओसरतात. त्यांची फार काळजी करू नये. काळजी करावी ती वेगळ्या दुखण्याची. दहांपैकी एकच बोट, त्या बोटातलाही एकच ठिपका, बहुतेक वेळा नखाच्या खाली. पहाटे टाकीच्या गार पाण्यात हात घातला की कळ कोपरापर्यंत चढते. भांडं निसटून नखावर आपटलं की बाई जागेवर बसते. रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. आणि बोटाकडं बघावं तर सूज नाही, पू नाही, जखम नाही.

असं दुखणं महिनोन् महिने टिकून असेल, तर ते ग्लोमस ट्यूमरचं असू शकतं. ट्यूमर हा शब्द ऐकून घाबरू नका. ही गाठ जवळजवळ नेहमीच साधी असते, म्हणजे कर्करोगाची नसते. आकारानं ती बहुधा काही मिलिमीटरची, ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान. ती पूर्ण काढली की दुखणं जातं. इतकं सोपं असूनही या रुग्णांची निदानाविना वर्षं निघून जातात, कारण गाठ दुर्मिळ आहे, सहज दिसत नाही, आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या निर्दोष येतात. मग कुणी मानेच्या मणक्याचं दुखणं म्हणतं, कुणी वात म्हणतं, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की बाईला कामाचा कंटाळा आलाय. मला या आजारातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. जिवंत, बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं खोटं ठरवलं जातं.

ही गाठ येते कुठून, ते आधी पाहू. आपल्या त्वचेत, विशेषतः बोटांची टोकं, नखांखालचा भाग, तळहात, तळपाय आणि कानाची पाळी इथं रक्तवाहिन्यांचे छोटे छोटे गुंडाळे असतात. त्यांना ग्लोमस बॉडी म्हणतात. शुद्ध रक्ताची बारीक धमनी तिथं केशवाहिन्यांच्या जाळ्यात न शिरता थेट शिरेला मिळते, आणि या जोडवाटेभोवती गोलसर पेशींचा थर असतो. या पेशी म्हणजे स्नायूपेशींचंच एक वेगळं रूप. त्या आकुंचन पावल्या की जोडवाट बंद होते, सैल झाल्या की उघडते. थंडीत आणि उन्हात बोटांतून किती रक्त वाहू द्यायचं, शरीरातली ऊब किती राखायची आणि किती सोडायची, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. या पेशी एका जागी अवाजवी वाढल्या की ग्लोमस ट्यूमर तयार होतो.

आता कळ का येते तेही समजेल. नखाचा पापुद्रा वर आणि बोटाचं हाड खाली, यांच्यामध्ये मऊ भागाला जागा फारच थोडी. तिथं गाठ वाढली की तिला फुगायला वाव नसतो. गार लागलं की गाठीतल्या पेशी आवळतात, आतला दाब वाढतो आणि गाठीत व तिच्या भोवती असलेले बारीक मज्जातंतू पेटून उठतात, असं मानलं जातं. यवतमाळच्या हिवाळ्यात हे दुखणं बळावतं ते त्यामुळंच. उन्हाळ्यात थोडा आराम पडतो आणि ‘गेलं वाटतं’ म्हणून दवाखान्याचा विचार मागं पडतो. पुन्हा कार्तिक उजाडतो आणि पुन्हा कळ.

या दुखण्याचं वर्णन वैद्यकात फार जुनं आहे. एडिंबरोचे शल्यचिकित्सक विल्यम वुड यांनी 1812 मध्ये त्वचेखालच्या अतिशय दुखऱ्या लहान गाठींबद्दल लिहिलं. पण त्या गाठी नेमक्या कशाच्या, याचा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली व्हायला 1924 साल उजाडलं. फ्रेंच विकृतिशास्त्रज्ञ पिएर मासाँ यांनी त्या पेशींचा ग्लोमस बॉडीशी संबंध जोडला. म्हणजे वेदना माहीत होऊन तिचं कारण कळेपर्यंत शंभराहून जास्त वर्षं गेली. आज आपल्याकडं कारण माहीत आहे, तपासायच्या साध्या पद्धती आहेत, मग एका बाईनं पाच-सात वर्षं सोसत राहावं याला काही अर्थ नाही.

ही गाठ साधारण तिशी ते पन्नाशीच्या वयात जास्त आढळते. नखाखालची गाठ बायकांत पुरुषांपेक्षा बरीच जास्त. शरीरावर ती कुठंही होऊ शकते, पण निम्म्याहून कितीतरी जास्त गाठी हातावर आणि त्यातही बोटांच्या टोकाला सापडतात. बोटाखेरीज दुसरीकडं, दंडावर किंवा मांडीवर झाली, तर निळसर लाल, दाबल्यावर दुखणारी लहान गाठ त्वचेत लागते आणि ओळखायला आणखी उशीर होतो, कारण तिथं ग्लोमसचा विचार पटकन कुणाच्या मनात येत नाही.

तीन खुणा लक्षात ठेवा. पहिली, गार वस्तूनं कळ उठणं. दुसरी, मधूनच, काही कारण नसतानाही झटका आल्यासारखी तीव्र वेदना. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची, म्हणजे दुखरा बिंदू नेमका दाखवता येणं. वाताचं दुखणं सांध्याभर पसरतं, मानेच्या नसेचं दुखणं हातभर मुंग्या आणतं, नखुरडं झालं तर नखाची सगळी कड ठणकते. ग्लोमसची बाई मात्र एका टोकदार काडीनं दाखवते, ‘इथं.’ काडी दोन मिलिमीटर बाजूला सरकवली की म्हणते, ‘इथं नाही दुखत.’ हे दोन मिलिमीटर म्हणजे अर्धं निदान आहे.

ही तपासणी घरीही करता येते, पण जपून. रिकाम्या रिफिलचं टोक किंवा आगकाडीचं मागचं टोक घ्या. सुई घेऊ नका, त्वचा फोडायची नाही. नखावर आणि त्याच्या आजूबाजूला हळूहळू, एकेका ठिकाणी हलकेच दाबत जा. बाकी सगळीकडं नुसता दाब जाणवतो आणि एकाच बिंदूवर हात झटक्यात मागं ओढला जातो, असं झालं तर तो बिंदू ध्यानात ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. तोच बिंदू पुन्हा सापडला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. डॉक्टर हीच तपासणी टाचणीच्या डोक्यानं करतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे लव्ह यांनी 1944 मध्ये ती मांडली, म्हणून तिला लव्ह टेस्ट म्हणतात.

दुसरी तपासणी दवाखान्यातच करायची. हात वर धरून रक्त उतरू देतात, मग रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर बांधून रक्तप्रवाह थांबेल इतका फुगवतात आणि दुखरा बिंदू पुन्हा दाबतात. रक्त थांबल्यावर दुखणं कमी झालं किंवा गेलं आणि पट्टा सोडल्याबरोबर कळ परतली, तर ग्लोमसचा संशय पक्का होतो. ही हिल्ड्रेथ टेस्ट, 1970 पासूनची. घरी बोटाला दोरा बांधून हा प्रयोग कधीही करू नका. आवळलेल्या दोऱ्यानं बोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गमवायची वेळ येते.

नखाकडं दिवसाच्या उजेडात नीट बघा. नखाखाली निळसर किंवा तांबूस डाग, नखाच्या मुळापासून टोकापर्यंत उभी रेघ, ती रेघ जिथं संपते तिथं नखाला पडलेली चीर, नखाचा एका बाजूला आलेला फुगवटा, यांपैकी काही दिसलं तर ते डॉक्टरांना दाखवा. नेलपॉलिश लावली असेल तर दवाखान्यात जाण्याआधी काढा, मेंदी लावली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. बऱ्याच जणींच्या नखावर मात्र काहीच दिसत नाही. काही दिसलं नाही म्हणून गाठ नाही, असं समजू नये.

इथं एक सावधगिरीची गोष्ट सांगणं भाग आहे. नखाखाली काळी किंवा गडद तपकिरी रेघ असेल, ती रुंद होत चालली असेल, रंग नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर उतरला असेल, आणि विशेषतः अंगठ्याला किंवा पायाच्या अंगठ्याला असेल, तर ती दुखत नसली तरी आठवड्याच्या आत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नखाखालचा मेलानोमा हा कर्करोग असा दिसू शकतो आणि तो सुरुवातीला दुखतच असं नाही. दुखणारी गाठ माणसाला दवाखान्यात नेते. न दुखणारी काळी रेघ नेत नाही, म्हणून ती जास्त घातक.

घरगुती उपायांबद्दल स्पष्ट सांगतो. नख दुखतं म्हणून बिब्बा लावणं, चुना भरणं, तापवलेल्या लोखंडानं डाग देणं हे सगळं बंद करा. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, नंतर पू होतो आणि मग मूळ गाठ कुठं आहे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ‘नख विषारलंय’ म्हणून नुसतं नख उपटून घेणं हाही उपाय नाही. गाठ नखात नसते, नखाखालच्या मऊ भागात असते. नख काढलं, आतलं काहीच काढलं नाही, तर नवं नख येतं आणि त्याच्याखाली जुनीच कळ राहते. वेदनाशामक गोळ्यांनी या दुखण्याला थोडाच फरक पडतो, आणि त्या वर्षानुवर्षं घेतल्या की जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

मग जायचं कुठं? लोहारा यवतमाळ शहराला लागून, दारव्हा रोडवर. तेव्हा पहिली पायरी म्हणजे यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. 1989 पासून ते जिल्ह्याला आधार देतंय. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि त्वचारोग किंवा अस्थिरोग बाह्यरुग्ण विभाग मागा. सर्जरीच्या विभागातही दाखवता येईल. पुढं पाठवायची गरज पडली तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याजवळचं सावंगी मेघेचं रुग्णालय आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे आपल्याकडच्या लोकांचे नेहमीचे मार्ग आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसलेले असतात. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधीच त्यांना विचारून घ्या.

डॉक्टरांच्या खोलीत गर्दी असते, वेळ थोडा मिळतो. म्हणून चार गोष्टी पाठ करून जा: किती महिन्यांपासून दुखतं, कोणत्या हाताचं कोणतं बोट, गार पाण्यानं काय होतं, आणि दुखरा बिंदू नेमका कुठं. ‘हात दुखतो’ एवढंच सांगितलं तर मानेचा एक्स-रे निघेल आणि पुन्हा महिना जाईल. ‘डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाखाली, या ठिपक्यावर, दोन वर्षांपासून, गार पाणी लागलं की’ असं सांगितलं तर डॉक्टरांचा विचार योग्य दिशेनं जाईल. ग्लोमस ट्यूमर असू शकतो का, असं विचारायलाही संकोच करू नका. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नाही.

बोटाचा साधा एक्स-रे बहुधा काढला जातो. काही रुग्णांत शेवटच्या हाडाला गाठीनं पडलेली छोटी खोबण दिसते. अनेकांत एक्स-रे अगदी चांगला येतो. तेवढ्यावर समाधान मानू नका. सोनोग्राफीत, यंत्र बारीक भागासाठीचं असेल आणि तपासणाऱ्याला सवय असेल, तर नखाखाली गडद, भरपूर रक्तप्रवाह असलेला ठिपका सापडू शकतो. एमआरआय सगळ्यात चांगला, पण अगदी दोन-तीन मिलिमीटरची गाठ त्यातही निसटू शकते. खुणा स्पष्ट असतील तर एमआरआय हवाच असं नाही. बोट दाबून बघणारा डॉक्टर इथं कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाचा आहे, हे मी पूर्ण विचारानं लिहितो.

उपचार एकच, गाठ पूर्ण काढणं. त्यासाठी भूल फक्त बोटाला देतात. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुया टोचून बोट बधिर करतात. बाई जागी असते, बोलत असते. मात्र एक विनंती तुम्ही स्वतः करा: सुई देण्याआधी दुखऱ्या बिंदूवर पेनानं खूण करून घ्या. बोट एकदा बधिर झालं की तो बिंदू कुणालाच दाखवता येत नाही, आणि गाठ इतकी लहान असते की शोधता शोधता हातून राहून जाऊ शकते. नंतर बोटातलं रक्त तात्पुरतं थांबवून नख उचलतात, नखाखालच्या नाजूक थरावर छोटी चीर देतात आणि राखाडी गुलाबी रंगाची गाठ अलगद सोडवून बाहेर काढतात. चीर अतिशय बारीक टाक्यांनी शिवतात आणि काढलेलं नखच स्वच्छ करून पुन्हा आवरणासारखं बसवतात. गाठ बोटाच्या बाजूला असेल तर नख न काढता कडेनंही जाता येतं. डॉक्टरांना ‘नख वाकडं उगवेल का’ असं जरूर विचारा. हा धोका थोडा असतो, पण नीट शिवलेल्या जखमेत नख बहुधा सरळ येतं.

घरी परतल्यावर पहिले काही दिवस हात छातीच्या उंचीवर ठेवा, पट्टी ओली होऊ देऊ नका. धुणं-भांडी, शेण सारवण, वेचणी हे निदान दोन-तीन आठवडे बंद. घरातल्या बाकीच्यांनी हे काम उचलायचं आहे, आणि त्यात उपकार केल्याचा भाव असू नये. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवूनच शस्त्रक्रिया करा आणि पट्टी बदलायला वेळेवर जा. नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढतं, म्हणून पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात. बऱ्याच जणींची जुनी कळ पहिल्या दिवसांतच जाते. उरतं ते टाक्यांचं साधं दुखणं, तेही काही आठवड्यांत कमी होतं.

आता या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. काढलेली गाठ फेकून द्यायची नाही. ती सूक्ष्मदर्शकाखाली गेलीच पाहिजे. खासगी दवाखान्यात खर्च वाचवायला किंवा ‘एवढीशी तर होती’ म्हणून तुकडा कचऱ्यात जातो, तसं होऊ देऊ नका. ‘बायोप्सीला पाठवणार ना?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारा. बोटाच्या टोकाशी दिसायला सारख्या वाटणाऱ्या गाठी पुष्कळ आहेत: मज्जातंतूची गाठ, कातडीचा पेशीकोष, रक्तवाहिन्यांची गाठ, घामाच्या ग्रंथींच्या गाठी, आणि क्वचित कर्करोगही. उघड्या डोळ्यांनी त्यांतला फरक खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही.

तुकडा लगेच फॉर्मॅलिन या द्रावात टाकतात. बाटलीत पाणी किंवा सलाईन भरून तुकडा गावाहून शहरात नेला तर पेशी कुजतात आणि तपासणी फुकट जाते. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहा पट तरी असावं, तेही पातळ केलेलं, नेहमीचं 10 टक्क्यांचं. बाटलीवर रुग्णाचं नाव, वय, बोट आणि तारीख लिहिलेली आहे का, हे स्वतः वाचून बघा. बाटली तुमच्याच हाती देऊन दुसऱ्या ठिकाणी पाठवलं तर झाकण घट्ट लावा, मुलांपासून दूर ठेवा, वास घेऊ नका, द्राव हाताला लागला तर भरपूर पाण्यानं धुवा.

प्रयोगशाळेत तो तुकडा मेणात बसवतात आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे 4-5 मायक्रॉन जाडीचे काप करतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर चढवून दोन रंगांनी रंगवतात. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिननं बाकीचा भाग गुलाबी.

या काचेवर ग्लोमस ट्यूमरचं रूप फार नेटकं दिसतं. गाठीची कड आजूबाजूच्या ऊतीपासून वेगळी आखलेली. आत बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांच्याभोवती थरांवर थर रचलेल्या पेशी. प्रत्येक पेशी गोल, एकसारख्या आकाराची, मधोमध गोल केंद्रक, भोवती फिकट गुलाबी किंवा जवळजवळ पारदर्शक पेशीद्रव, कडा स्पष्ट. पेशी-पेशींमध्ये जेलीसारखा फिकट किंवा गुलाबी, घट्ट पदार्थ असू शकतो. कुठंकुठं मज्जातंतूंचे बारीक धागे दिसतात. ही एकसारखेपणाची शिस्तच साधी गाठ असल्याची मोठी खूण आहे. कर्करोगाच्या पेशी लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या, वेगानं विभागणाऱ्या असतात.

पेशी, रक्तवाहिन्या आणि स्नायूंचं प्रमाण बघून या गाठीचे तीन प्रकार करतात. पेशी भरगच्च असतील तर घन ग्लोमस ट्यूमर, आणि बहुतेक गाठी याच प्रकारच्या. रुंद रक्तवाहिन्या जास्त असतील तर ग्लोमॅन्जिओमा. स्नायूंचा भाग ठळक असेल तर ग्लोमॅन्जिओमायोमा, हा सगळ्यात विरळ. रुग्णासाठी या तिन्हींचा उपचार सारखाच, त्यामुळं रिपोर्टात यांपैकी कोणताही शब्द आला तरी वेगळी भीती बाळगू नये.

शंका उरली तर पेशींवर विशेष रंग चढवतात. ग्लोमसच्या पेशी मुळात स्नायूपेशींच्या जातीच्या असल्यानं एसएमए या स्नायूंतल्या प्रथिनाच्या तपासणीत त्या रंगतात. सायटोकेराटिन आणि एस-100 या दुसऱ्या प्रथिनांच्या तपासणीत मात्र त्या सहसा रंगत नाहीत. घामाच्या ग्रंथींची गाठ सायटोकेराटिनला रंगते, तीळ आणि मज्जातंतूंच्या गाठी एस-100 ला. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशींमुळं यांच्याशीच ग्लोमसची गल्लत होऊ शकते, म्हणून हे विशेष रंग उपयोगी. हा खर्च प्रत्येकाला करावा लागत नाही. ठरावीक रूप असेल तर निळ्या-गुलाबी काचेवरच निदान पक्कं होतं.

रिपोर्ट हाती आला की तीन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या. गाठ नेमकी ग्लोमस ट्यूमरच आहे का? पेशींत काही विचित्रपणा किंवा असाधारण विभाजन दिसलं का? आणि गाठ पूर्ण निघाली आहे का? ‘अ‍ॅटिपिया’ हा शब्द पेशींच्या विचित्रपणासाठी आणि ‘मायटोसिस’ हा शब्द विभाजनासाठी येतो. त्यांच्यापुढं ‘नाही’ अशा अर्थाचा उल्लेख असेल तर निश्चिंत व्हा. घातक ग्लोमस ट्यूमर असतो, पण तो फारच विरळ. गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवर रुजलेली, आणि पेशींत वरची लक्षणं असतील तर तज्ज्ञ त्याचा विचार करतात. नखाखालच्या दाण्याएवढ्या गाठीत ती भीती जवळजवळ नसते. रिपोर्ट आणि काच दोन्ही जपून ठेवा. मेणाचा ठोकळा रुग्णालयात सांभाळला जातो, आणि पुढं कधी दुसरं मत घ्यायचं झालं तर तो मागता येतो.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटले तरी तीच जुनी, गार पाण्यानं उठणारी कळ असेल, तर पुन्हा दाखवा. एक तर गाठीचा काही अंश मागं राहिला असेल, किंवा शेजारी दुसरी गाठ असेल. अशा वेळी एमआरआय करून पुन्हा शोध घ्यायचा. ‘एकदा ऑपरेशन करून झालं, आता आणखी काय’ असं म्हणून सोसत बसू नये.

एकाहून जास्त बोटांत अशा गाठी असतील तर अंगावर बघा. कातडीवर कॉफीच्या रंगाचे सपाट डाग, पुष्कळ मऊ गाठी, काखेत बारीक ठिपके दिसत असतील तर न्युरोफायब्रोमॅटोसिस 1 या जनुकीय आजाराशी त्यांचा संबंध असू शकतो. तेव्हा डॉक्टरांना अंगभर तपासायला सांगा, आणि घरातल्या इतरांनाही असे डाग आहेत का ते सांगा. याहून वेगळा एक कौटुंबिक प्रकार आहे. त्यात लहानपणापासूनच कातडीवर निळसर, थोडे दुखरे, दाबल्यावर न विरणारे पट्टे किंवा गाठी असतात. ग्लोम्युलिन नावाच्या जनुकातल्या दोषामुळं ते होतात आणि आई किंवा वडिलांकडून मुलांकडं उतरू शकतात. त्यांचा उपचार वेगळा, पण तेही कर्करोगाचे नसतात.

आशाताई आणि आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांना एक विनंती. वेचणीच्या हंगामात बोटं दुखतात म्हणून बायका तुमच्याकडं येतात, तेव्हा एक प्रश्न जोडा: ‘सगळी बोटं, की एकच ठिपका?’ एकच ठिपका असेल तर रिफिलचं टोक घेऊन तिलाच दाखवायला सांगा. एवढ्यानं एखादीची पुढची पाच वर्षं वाचतील.

आणि घरच्यांना: बाई गार पाण्यात हात घालायला कचरते, भांडी घासताना एक बोट वर धरते, रात्री बोट पांघरुणाबाहेर ठेवून झोपते, हे दिसत असेल तर तिला कामचुकार म्हणू नका. कोणतं बोट आणि कुठला बिंदू, ते तिला विचारा, आणि या हंगामाची वेचणी संपायची वाट न बघता तिला घेऊन यवतमाळला जा.